कडा न कापलेला फोटो

मनोहर,

वहिनींना तुझा फोटो पाहिजे होता.

तुझ्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी त्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. मी शिलाईच्या मशीनवर होतो. पाय थांबवला. "मास्टर, त्याईचा एखादा फोटो असंल त द्या जी," त्या म्हणाल्या. "भिंतीवर लावायचा हाये. घरात एकबी नाई." मी म्हटलं, "देतो ना वहिनी, पेटी भरून पडले हायेत." त्या गेल्यावर मी मागच्या खोलीतली पेटी बाहेर आणली आणि सगळे फोटो कापायच्या टेबलावर पसरले. अख्खी गडचिरोली तहसील टेबलावर होती. आरमोरीची पोरं, चामोर्शीची पोरं, धानोऱ्याकडच्या पाड्यांवरची उघडी-नागडी पोरं, त्यांच्या आया, बकऱ्या, मोहाची झाडं. तेवढा तूच नव्हतास.

हे बरं केलंस. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढत हिंडलास आणि स्वतःच्या वेळी हात झटकून मोकळा झालास. शिव्या द्याव्यात तर ऐकायला तू नाहीस, म्हणून लिहितो आहे. शाळेत एका चटईवर बसून एकाच छडीचा मार खाल्ला आपण, तरी तूही गावासारखं मला मास्टरच म्हणायचास. मूल गावच्या बाजारात शर्ट-पायजमे शिवणारा करीम कुणाला ठाऊकच नाही. तुझ्या तोंडचं 'काय गा मास्टर' ऐकून आता महिना होत आला.

कॅमेरा घ्यायला नागपूरला गेलो होतो, ते आठवतं? छोट्या रुळांच्या आगगाडीत इतके धक्के खाल्ले की उतरल्यावरही अंग हलत होतं. दुकानदाराने दोन कॅमेरे पुढ्यात ठेवले, दोन्ही कुणीतरी वापरलेले. एक घडीचा, कातडी भात्याचा. झाकण उघडलं की बाजाच्या पेटीच्या भात्यासारखा पुढे यायचा. दुसरा नुसता काळा चौकोनी डबा, समोर एक भिंगाचा डोळा, वर एक इवलीशी काच. तुझा जीव त्या भात्यावर गेला होता. तुझ्या डोळ्यांतच दिसत होतं. मी भाता हातात घेतला, घड्या उलगडून बोटं फिरवली. कोपऱ्यावर कातडं झिजलं होतं, अस्तर सुटत होतं. मी म्हणालो, "मन्या, हे आपल्याकडच्या पावसाळ्यात कुजंल. बुरशी लागंल. एवढंसं भोक पडलं का उजेड आत." तू चिडलास. "तुले सगळ्यात शिवणच दिसते काय गा?" मग दिसणारच ना. तू कॅमेरा बघत होतास, मी कातडं बघत होतो.

शेवटी डबा घेतलास. निघताना दुकानदाराने एकच गोष्ट सांगितली: सूर्य पाठीशी ठेवा, फोटो कधी बिघडणार नाही. झालं. माणसं गुरुमंत्र घेतात तसा तू तो घेतलास. परतीच्या गाडीतसुद्धा उन्हाकडे पाठ करून बसला होतास.

तुझं काम देवीच्या लशीचं. सायकलवर लशीची पेटी बांधून वैनगंगा डोंग्याने पार करायची आणि मग गावोगाव दंडावर टोचत जायचं. तुझी सायकल दिसली की पोरं धानाच्या बांध्यांत लपायची, बाया दारं लावून घ्यायच्या. कॅमेरा आला आणि तुला युक्ती सापडली. जो टोचून घेईल त्याचा फोटो. टोचल्यावर तिथेच अंगणात उभं करायचं, डबा पोटाशी धरायचा, मान खाली घालून काचेत बघायचं, खटका दाबायचा. पुढच्या फेरीला फोटो घेऊन जायचा. ज्या बाया दारं लावत होत्या त्याच पोरांची तोंडं धुऊन, तेल लावून, कडेवर घेऊन वाटेवर उभ्या राहू लागल्या. फोटोवाला डॉक्टर म्हणायचे तुला. तुझा साहेब मात्र म्हणाला होता, हा काय पोरखेळ लावला आहे. तू हे मला हसत हसत सांगितलंस, पण तुला लागलं होतं.

डब्याला मी जाड कॅनव्हासची पिशवी शिवली, आतून फलालीन, बाहेरून मेणकापड. तळाशी एक चोरकप्पा ठेवला, त्यात तांदळाची पुरचुंडी. दमट हवा तांदूळ पिऊन घेतो. तू त्या तांदळाची चेष्टा केलीस, म्हणालास, "जंगलात भूक लागली त कॅमेऱ्यातला भात शिजवून खाईन." तो डबा इतके पावसाळे टिकला तो त्या पुरचुंडीमुळे, हे आता तरी कबूल कर.

रोल धुणं माझ्या मागच्या खोलीत. रविवारी दुपारी जेवणं झाली की दाराच्या फटीत गोधड्या कोंबायच्या, कंदिलाला पतंगाचा लाल कागद गुंडाळायचा, इनॅमलच्या ताटांत औषधं ओतायची. रोलची दोन टोकं दोन हातांत धरून तो औषधातून खाली-वर फिरवायचा, ते काम तुझं. पाण्याचा माठ गार ठेवणं आणि तुझी बडबड ऐकणं माझं. मग लाल उजेडात काळी चित्रं उमटायला लागली की तू एकदम गप्प व्हायचास. ती शांतता मला फार आवडायची. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आपल्यात असलं कोण बोलतो?

एकदा तू खटका दाबून फिल्म पुढे सरकवायलाच विसरलास आणि एकाच तुकड्यावर दोन फोटो आले. बैलाच्या पोटात पोरगी उभी! आपण पोट धरधरून हसलो. तू तो फोटो पुढच्या फेरीला घेऊन गेलास आणि त्या पोरीच्या बापाने तो घराच्या दारावर लावला, कारण बैलही त्याचाच होता.

पण मुख्य भांडण कडांचं.

माझ्या दुकानामागेच धानाची गिरणी. ती चालू झाली की कोंडा हवेत. कितीही गोधड्या लावा, तो ओल्या फिल्मवर येऊन बसणारच. मग फोटो छापला की चेहऱ्यावर पांढरे ठिपके. तुझा जीव कासावीस व्हायचा. "मास्टर, अरे मी टोचलेलं पोरगं हाये हे, आन् त्याच्या तोंडावर देवीचे वण? लोकं काय म्हनतीन?" मग मी सगळ्यात बारीक ब्रश घ्यायचो, शाईत पाणी कालवायचो आणि एकेक ठिपका बुजवत बसायचो. तू मानेवर श्वास सोडत उभा. "गालावरचा राह्यला. कानापाशी एक हाये." एवढं मन लावून मी लग्नाच्या शेरवानीलाही काजं केली नाहीत.

ठिपके झाले की मी कात्री उचलायचो. कारण तुझ्या प्रत्येक फोटोत, खालच्या बाजूला, जमिनीवर, तू पसरलेला असायचास. दुकानदाराचा मंत्र! भर उन्हात पोरं डोळे उघडत नाहीत आणि तू गावात पोचायचास सकाळी नाहीतर निघायचास उन्हं उतरताना. सूर्य पाठीशी म्हणजे सावली पुढ्यात. लांबच लांब. टोपी, टोपीबाहेर आलेले कान, पोटाशी डबा धरल्यामुळे दोन्ही बाजूंना निघालेली कोपरं. कान असलेली कढई दिसायचास तू. बिचारं पोरगं वर, आणि खाली अर्धा फोटो तूच. मी खडूने रेघ मारायचो आणि सर्रकन कापायचो.

"नको कापू गा."

"काऊन नको? लोकायले पोराचा फोटो पायजे, तुह्या सावलीचं काय लोणचं घालतीन?"

"मी होतो ना तिथी."

"होता त होता. शिवनाऱ्याचा हात कधी कापडात दिसते का?"

"टाका त दिसते."

"चांगला टाका दिसत नाई, मन्या."

यावर तुझं नेहमीचं वाक्य. "ठिपके खोटे हायेत, ते काढ. सावली खरी हाये, ते राहू दे." मी तोवर कापलेलं असायचं. खालची पट्टी टेबलाखाली पडायची आणि सकाळी कापडाच्या चिंध्यांबरोबर झाडली जायची. मी अजूनही सांगतो, मनोहर, फोटो काढणाऱ्याने फोटोत येऊ नये. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. शेवटच्या फेरीला निघताना तू सायकलवर एक पाय टाकून म्हणालास, "येतो आन् मंग बोलतो तुह्याशी." आलास तो ताप घेऊन. मी उशाशी बसलो होतो तेव्हा तुला माणसं ओळखू येत नव्हती. तेव्हा कडांचं कोण बोलणार?

तर फोटो शोधायला बसलो. तुझा एक फोटो आहे, खोटं कशाला बोलू. मीच काढलेला. दिवाळीला तुला निळ्या पट्ट्यांचा शर्ट शिवून दिला होता आणि तू म्हणालास, काढ एक माझा. मी डबा पोटाशी धरला, मान खाली घातली, काचेत बघितलं. कॉलर छान बसली होती. खिसा सरळ. बटणपट्टीला कुठे चुणी नव्हती. खटका दाबला. रोल धुतला तेव्हा कळलं की गळ्यापासून गुडघ्यापर्यंत शर्ट उत्तम आला आहे आणि वर डोकंच नाही. तू जमिनीवर बसून हसलास. "मास्टरनं फक्त गिऱ्हाईक पाह्यलं!" वहिनींना नेऊन दाखवलास, त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. मग म्हणालास, काढू पुन्हा कधी, घाई काय आहे. पुन्हा रोल आले ते सगळे पोरांना कबूल केलेले. एखादा फोटो उरला की तू तो कुणा म्हातारीला देऊन यायचास.

तो शर्टाचा फोटो मी वहिनींना कसा देऊ? बिनडोक्याचा नवरा भिंतीवर लावा म्हणू? मी तो पेटीच्या तळाशी उपडा ठेवला.

दुकान दोन दिवस उघडंच नुसतं. गिऱ्हाइकं येत होती, मी उद्या या म्हणत होतो. वहिनी बाजारातून जाताना इकडे बघायच्या. विचारत नव्हत्या. त्या विचारत नव्हत्या तेच जास्त जड जात होतं. लग्न तुमचं जांभुळघाटच्या मांडवात झालं, तिथे कोण फोटोवाला येणार होता? कचेरीत कधी फोटो निघाला नाही. माझ्याकडे नाही म्हणजे कुठेच नाही, हे मला माहीत होतं आणि हे त्यांना सांगायचं मलाच होतं.

मग मी निगेटिव्हची पाकिटं काढली. छापलेले फोटो मी कापले होते, निगेटिव्ह कधी कापले नव्हते. एकेक पट्टी खिडकीच्या उजेडाला धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, हे तूच मला शिकवलंस. गोरं काळं, काळं गोरं. पोरांची तोंडं काळी ठिक्कर, आभाळ काळं, अंगण काळं. आणि त्या काळ्या अंगणात प्रत्येक पट्टीत एक लख्ख उजेडाचा माणूस उभा होता. टोपी, कान, कोपरं. आरमोरीत होतास, चामोर्शीत होतास, नदीच्या वाळूत होतास. मी पट्ट्यांवर पट्ट्या बदलत गेलो आणि तू प्रत्येकीत होतास. खिडकीत उभा राहून मी रडलो, मनोहर. तेरवीला रडलो नव्हतो.

त्यातच ती पट्टी सापडली. पळालेल्या पोरीची. धानोऱ्याच्या पलीकडच्या कुठल्याशा पाड्यावरची. टोचताना हूं की चूं केलं नाही म्हणायचास, आणि फोटोला उभी केली, तू मान खाली घातलीस, खटका दाबलास आणि मान वर केलीस तर अंगण रिकामं. तू ती गोष्ट किती वेळा सांगितलीस! "सुईले भेली नाई, डब्याले भेली." तो फोटो आपण कधी छापलाच नाही, कागद कशाला वाया घालवायचा म्हणून. आता बघितला. सारवलेलं अंगण आहे. वरच्या कोपऱ्यात पळत्या पोरीची एक टाच आहे. बाकी पूर्ण फोटोभर तू आहेस, पायांपासून टोपीच्या शेंड्यापर्यंत, काही म्हणता काही तुटलेलं नाही.

रविवार नव्हता तरी गोधड्या लावल्या. गिरणीत जाऊन सांगितलं, भाऊ, दुपारभर पट्टा बंद ठेवता येतो का. कशासाठी ते सांगितल्यावर त्यांनी ठेवला. माठातलं पाणी गार होतंच, थंडीचे दिवस. चौकटीत निगेटिव्ह ठेवलं, त्यावर कागद, कंदिलासमोर धरलं. ताट हलवायला आज मीच. सावकाश हलवलं, तुझ्यासारखं. तू आधी कोपरं घेऊन आलास, मग टोपी. फोटो दोरीवर वाळत घातला. वाळल्यावर सवयीने टेबलावर ठेवला, खडू घेतला, मोजपट्टी घेतली, कात्री उचलली. मग कात्री खिळ्याला अडकवून ठेवली.

तरी जीव थाऱ्यावर नव्हता. नुकत्याच विधवा झालेल्या बाईच्या हातात नवऱ्याची सावली द्यायची, हे काय देणं झालं? त्या म्हणतील, मास्टर, माणूस मागितला होता. लोक काय म्हणतील ते वेगळंच. द्यावा की नको करत करत उन्हं कलली. शेवटी फोटो पुठ्ठ्यात घातला आणि तुझ्या गल्लीला लागलो.

तुझी गल्ली म्हणजे सरळ सोट, टोकाला तुझं दार. मागून ऊन पाठीवर येत होतं. मी ओट्यापाशी पोचलो, हाक मारायच्या आधीच आतून भांड्याचा आवाज आला. पाणी ओतल्याचा. मग वहिनी पदराला हात पुसत घाईने दारात आल्या, आणि मला बघून जिथल्या तिथे उभ्या राहिल्या.

"तुमी व्हय, मास्टर," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बसा जी."

मला काही उमगलं नाही. वाटलं, अवेळी आलो. मी ओट्यावर बसलो, पुठ्ठा त्यांच्या हातात दिला आणि खाली बघत म्हणालो, "वहिनी, चेहरा कुठीच नाई सापडला. मी लय शोधलं. एवढंच हाये."

त्यांनी फोटो काढला. दोन्ही हातांत धरून, थोडा उजेडाकडे करून बघितला. मी मान वर केली नाही. मला वाटलं, आता त्या फोटो परत करतील.

"हे त रोजचंच हाये," त्या म्हणाल्या.

मी वर बघितलं.

"अशीच येत होती न. फेरीवरून आले का, गल्लीच्या तोंडाशी असतानाच सावली पहिले ओट्यावर येत होती. हे टोपी, हे कान. मंग मांगून सायकल, मंग ते." त्यांनी कोपरावर बोट ठेवलं. "सावली दिसली का मी चुलीवर चहा ठेवत होती. ते म्हनत, तुले कसं समजते वं मी आलो म्हनून? मी कधी सांगतलं नाई."

मग मला कळलं, मनोहर, आतून पाणी का ओतलं गेलं ते. ओट्यावर माझी सावली अजून दारापर्यंत पडली होती. मी सरकून भिंतीशी बसलो.

"कडा नाई कापल्या?" त्यांनी विचारलं. आपलं भांडण त्यांनाही ठाऊक होतं म्हणजे.

"नाई कापल्या."

"बरं केलं," त्या म्हणाल्या. फोटो कोनाड्यात टेकवून ठेवला, दाराच्या समोर. मग म्हणाल्या, "चहा ठेवलाच हाये त घ्या आता."

तो चहा तुझा होता. मी प्यायलो. साखर जास्त होती, तुला लागते तशी.

त्यानंतरही तुझ्या घरी जातो मी. सामानसुमान हवं-नको विचारतो, कोनाड्याकडे बघतो, तुझ्याशी चार शब्द भांडतो. पण संध्याकाळी जात नाही. सकाळीच जातो. सकाळी ऊन माझ्या तोंडावर असतं आणि सावली पाठीमागे राहते.